एका मुलाचा वर्ग

"आता मी सांगतो ते तुम्हाला पटणार नाही," मी म्हणालो, "आणि नाही पटलं तरी माझं काही बिघडत नाही, मला सवय आहे. कॉलेजात एका विषयाला अख्ख्या वर्गात मी एकटाच विद्यार्थी होतो. आणि सहामाहीला माझा दुसरा नंबर आला."

बापू माळवदेनं शिलाई मशिनवरचा पाय उचलला. बापूचं टेलरिंगचं दुकान आजऱ्याच्या पेठेत आहे आणि त्याच्या इस्त्रीच्या टेबलाशेजारचं स्टूल गेली चाळीस वर्षं माझं आहे. माझ्या गोष्टी तो नवं कापड घ्यावं तशा घेतो. आधी भिजवतो, किती आटतं बघतो, मग हात लावतो.

"पहिला कोण आला?" त्यानं विचारलं.

"कबूतर."

"शलाका, ऐकतीयास न्हवं?" बापू नातीला म्हणाला. "ह्याला विचारून तू तुझा निर्णय घेणार हायस."

शलाका बेतायच्या टेबलाच्या कडेवर मोबाइल घेऊन बसली होती. कोल्हापूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. तिला संख्याशास्त्र शिकवणारे सर कशालाच उत्तर देत नव्हते. चार मेल पाठवून झाल्या, वर्गाबाहेर गाठून झालं, सर मान हलवून पुढे जायचे. विषय बदलायचा फॉर्म त्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होणार होता. पोरीनं तो सकाळीच भरून ठेवला होता, शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं. आणि बापूनं मला हाक मारून आणलं होतं, कारण पेठेत माझ्याइतकं शिकलेलं आणि माझ्याइतकं रिकामं दुसरं कुणी नव्हतं.

"कबुतराचं नंतर," शलाका म्हणाली. "आजोबा, एकटेच कसे वर्गात?"

तिथून मी सुरू केलं.

साल एकोणसत्तर. मी कोल्हापुरात इंटर आर्ट्सला. कॉलेजचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. पाच विषय सगळ्यांना सारखे, सहावा आपण निवडायचा. मी तर्कशास्त्र घेतलं. का घेतलं, तर रांगेत माझ्या पुढं उभ्या असलेल्या दोघांनी ते घेतलं होतं आणि मला वाटलं, चला, दोन ओळखी होतील. तर्कशास्त्र म्हणजे दोन विधानं मांडायची आणि त्यांतून तिसरं खरंच निघतंय का ते तपासायचं. त्या दोघांनी पंधरा दिवसांत तपासलं आणि अर्थशास्त्राला निघून गेले. माझा रोल नंबर तीन होता. सरांनी हजेरीबुकात दोन रेघा मारल्या आणि मला एक केलं. सबंध आयुष्यात मला मिळालेली तेवढीच बढती.

वर्ग जिन्याखालच्या लांबोळ्या खोलीत. एवढा लांब, की सर फळ्यापाशी बोलले की शेवटच्या बाकावर ते दुसऱ्या दिवशी पोचायचं.

"हे आटलं," बापू म्हणाला.

"आटू दे. पण बाकं चाळीस होती, हे लिहून घे."

चाळीस बाकांत मी एक. पहिल्या बाकावर बसलं की सर अंगावर आल्यासारखे वाटायचे, मागं बसलं की आपण पळून आल्यासारखं. शेवटी मी मधल्या बाकावर बसू लागलो. झरोक्यात एक कबूतर असायचं. अकरा वाजता निपाणीकर सर यायचे. पांढरा कोट, हातात हजेरीबुक. समोर एकच पोरगा दिसतोय, तरी बुक उघडणार, पेन काढणार आणि म्हणणार, "रोल नंबर एक."

"हजर, सर."

आणि मग पाऊण तास नळ सोडल्यासारखं व्याख्यान. अडखळणं नाही, कागद नाही. पण नजर माझ्यावर कधी नाही. माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडं बघून बोलायचे, जणू तिथं शंभर पोरं बसलीत. तिसऱ्या आठवड्यात मी हात वर केला. म्हटलं, "सर, हे शेवटचं पुन्हा सांगाल का?"

सर थांबले. ओठ हलल्यासारखे वाटले. मग वळले, डस्टर घेतलं आणि फळा पुसायला लागले. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. कोरा फळा वरून खाली, डावीकडून उजवीकडं, चांगला पाच मिनिटं पुसला आणि बुक काखेला मारून निघून गेले.

"आमचे सर तरी मान हलवतात," शलाका म्हणाली.

"तेच सांगतोय. तुझं बरं चाललंय."

तिला हसू आलं नाही. मलाही तेव्हा आलं नव्हतं. पुढं दोनदा विचारून बघितलं. दोन्ही वेळा फळा पुसला गेला. चौथ्यांदा विचारायचा धीर झाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, एक मास्तर बोलत नाही. पण मी राहायचो त्या बोर्डिंगात चाळीस पोरं, सगळी एकेका गावाहून दोन-दोन तीन-तीन एकत्र आलेली. कागलची कागलशी, गारगोटीची गारगोटीशी. मी एकटा डोंगरापलीकडचा. मेसमध्ये मी ताट घेऊन बसलो की शेजारची पोरं बाकाच्या कडेला सरकायची, असं नव्हतं. ती मला बघायचीच नाहीत. वाढपी तेवढा विचारायचा, "भात?" मी म्हणायचो, "थोडा." झालं माझं बोलणं दिवसाचं. शनिवारी दुपारी मी चालत एसटी स्टँडवर जायचो. आजऱ्याची गाडी तीनला लागायची. पाटीवरचं गावाचं नाव वाचायचो. आमच्या बाजूचा एक कंडक्टर ओळखायला लागला होता.

"घरी चाललास काय?" तो विचारायचा.

"नाही. बघायला आलोय."

"काय बघायला?"

"गाडी."

एका शनिवारी त्यानं मला आत बसू दिलं. गाडी सुटेपर्यंत वीस मिनिटं बसलो आणि उतरलो.

बापूनं हे आटवलं नाही. कात्री पुसत राहिला.

तर रोज माझा नंबर घेऊन हाक मारणारा माणूस कोल्हापुरात एकच, आणि तोही नंबर सोडून काही बोलायला तयार नाही. दर गुरुवारी ट्यूटोरियल द्यायचं, म्हणजे घरी लिहून आणलेला कागद. सोमवारी परत मिळायचा. त्यावर बरोबर नाही, चूक नाही, लाल रेघ नाही. उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं फक्त एक आकडा. एकदा ४१२७. पुढच्या सोमवारी २०९३.

"म्हणजे मार्क?" शलाकानं विचारलं.

"चार हजार मार्क कोण देतंय? मला त्याचा अर्थ पक्का ठाऊक होता. माझा बाप गावचा कोतवाल. तलाठ्याचे कागद घरोघर पोचवण्यात माझं लहानपण गेलं. प्रत्येक सरकारी कागदाच्या कोपऱ्यात आकडा असतो, त्याला जावक क्रमांक म्हणतात, आणि तो कशाचा म्हणून विचारणाऱ्याला तलाठी बाहेर काढतो. म्हटलं, कॉलेजचं पण ऑफिसच आहे. कागद गेला, कागद आला, आकडा पडला. आपण विचारायचं नसतं."

उत्तर येत नाही म्हटल्यावर मला चेव आला. पुस्तकातली उदाहरणं सोडून मी माझीच लिहायला लागलो. एका गुरुवारी लिहिलं: 'मेसमध्ये जेवणारी सगळी मुलं एकमेकांना ओळखतात. मी मेसमध्ये जेवतो. म्हणून मला कुणीतरी ओळखतं. हे बरोबर आहे का?' सोमवारी कागद परत. कोपऱ्यात आकडा. पुढच्या गुरुवारी जरा जास्तच केलं. 'जो बोलत नाही तो रागावलेला असतो. सर बोलत नाहीत. म्हणून सर रागावले आहेत.' घाबरत घाबरत दिला. सोमवारी परत. आकडा.

ऑगस्ट आला. विषय बदलायची शेवटची तारीख सोळा. माझ्या खोलीत रघू चौगुले म्हणून पोरगा होता, तो पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलला.

"लगा, किती दिस त्या जिन्याखाली बसणार? अर्थशास्त्राला ये की. नव्वद पोरं हाईत."

"नव्वद?"

"कोण आलं, कोण न्हाई, कळत बी न्हाई. आनि वह्या तयार मिळत्यात. तुजा मास्तर पेपरात काय येणार ते तरी सांगतोय काय?"

खरं होतं. बापानं मला एकच वर्ष दिलं होतं. निघताना म्हणाला होता, "एका फेरीत इंटर हो. न्हाईतर माजी काठी हाय, ती तुजीच हाय." कोतवालाची काठी तुम्ही बघितली नसेल. वजनाला हलकी असते, पण एकदा हातात आली की सुटत नाही. विषय तर्कशास्त्राचा, मास्तर मुका, आणि नापास झालो की काठी. पलीकडं नव्वद पोरं. त्यांतल्या एकाच्या शेजारी तरी जागा असेल की.

"मग एवढा विचार कसला केला?" शलाका म्हणाली. मोबाइल तिनं मांडीवर पालथा ठेवला होता.

"हजेरीचा."

"कसल्या हजेरीचा?"

"मी गेल्यावर अकरा वाजता सर काय म्हणणार, याचा."

चौदा तारखेला, गुरुवारी, मी शेवटचं ट्यूटोरियल दिलं. एकाच ओळीचं. 'वर्गात एकच मुलगा असेल आणि तो येईनासा झाला, तर तो वर्ग असतो का?' सरांनी कागद घेतला, वाचला, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला. त्यांनी माझ्याकडं बघितलं असं मला वाटलं. खात्रीनं सांगत नाही.

शुक्रवारी पंधरा ऑगस्ट. झेंडावंदन झालं, कागदाच्या पुड्यांतून बुंदी मिळाली, पोरं घोळक्या-घोळक्यानं रंकाळ्यावर गेली. मी पुडी घेऊन जिन्याखालच्या खोलीत गेलो. मधल्या बाकावर बसून बुंदी खाल्ली. थोडी कबुतराला टाकली. तेव्हापासून ते मला मानायला लागलं.

"ते आटलं," बापू म्हणाला.

शनिवारी सकाळी अर्ज लिहून ऑफिसात नेला. हेडक्लार्क म्हणाला, आधी ग्रंथालयाची सही आण, की तुझ्याकडं त्या विषयाचं पुस्तक राहिलेलं नाही. मी ग्रंथालयात तोवर पाऊल टाकलं नव्हतं. तिथं जाळीची खिडकी, आत ग्रंथपाल आजगेकर. पुस्तक पाहिजे तर चिठ्ठीवर पुस्तकाचा नंबर लिहून आत सरकवायचा. मला कुठल्याच पुस्तकाचा नंबर ठाऊक नव्हता, म्हणून मी कधी गेलो नाही. अर्ज सरकवला.

"माझ्याकडं तुमचं एकही पुस्तक नाही," मी म्हणालो. "सही पाहिजे."

आजगेकरांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला.

"तर्कशास्त्र, रोल नंबर एक. म्हणजे तुम्हीच का ते? तुमच्याकडं नाही हे मला माहीत आहे, बाळ. माझ्याकडं आहेत तुमची सहा."

"माझी?"

"दीड महिना एकावर एक रचून ठेवलीत. निपाणीकर रोज साडेबाराला येऊन विचारतात, नेली का. मी म्हणतो, नाही. मग जातात." त्यांनी खालच्या फळीवरून गठ्ठा उचलून खिडकीत ठेवला. "तुम्हाला नंबर दिले नव्हते का त्यांनी?"

वरच्या पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर आकडा होता. ४१२७.

शलाकानं तोंडावर हात नेला. बापूचं मशीन केव्हाचं बंद होतं.

"प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी," मी म्हणालो. "बारीक, वळणदार अक्षर. मेसच्या कागदाचं उत्तर असं होतं: 'मांडणी बरोबर. पहिले विधान खोटे. मी त्याच मेसमध्ये दोन वर्षे जेवलो आहे.' रागाच्या कागदाचं उत्तर: 'मांडणी बरोबर. पहिले विधान पुन्हा तपासावे. न बोलण्याची तीन कारणे मला माहीत आहेत. त्यांत राग नाही.' मी आजगेकरांना विचारलं, सर बोलत का नाहीत? ते म्हणाले, 'पाठ केलेलं बोलतात. अचानक विचारलं की जीभ अडकते, पहिलं अक्षरच सुटत नाही. मागच्या वर्षी पोरांनी वर्गात नकला केल्या. तेव्हापासून प्रश्न आला की ते कागदावरच उत्तर देतात. तुमच्यासारखा रोज येणारा कुणी नव्हता, म्हणून तुमच्यासाठी पुस्तकं पण तेच निवडतात.'"

"मग?"

"मग काय. तिथंच, जाळीसमोर, अर्जाचे चार तुकडे केले. आजगेकर म्हणाले, कचरा खाली टाकू नका. मी खिशात घातले. सोमवारी, अठरा तारखेला, अकराच्या ठोक्याला मी मधल्या बाकावर. सर आले. बुक उघडलं. 'रोल नंबर एक.' मी म्हटलं, 'हजर, सर.' आणि काखेतली सहा पुस्तकं बाकावर ठेवली. सरांनी पुस्तकं बघितली. त्या दिवशी पहिल्यांदा भिंतीकडं न बघता माझ्याकडं बघून शिकवलं. वर्षभर असं चाललं. मी कागदावर विचारायचो, ते पुस्तकात उत्तर ठेवायचे. एक शब्द बोललो नाही आम्ही, पण कोल्हापुरात माझ्याइतक्या गप्पा कुणी मारल्या नसतील. सहामाहीला सरांनी नंबर काढले. माझ्या पेपरात दोन चुका होत्या. कबुतराचा पेपर कोरा, म्हणजे चूक एकही नाही. तर्कानं तेच पहिलं. आणि वार्षिकला मला बहात्तर मार्क."

"बहात्तर आटून किती?" बापूनं विचारलं.

"आटत नाहीत. सरकारी आहेत."

तो हसला आणि मशिनकडं वळला. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा मिनिटं होती. शलाकानं मोबाइल सुलटा केला. फॉर्म उघडाच होता.

"म्हणजे सोडू नको म्हणता."

"मी तसं म्हणत नाही. मी सोडला नाही, एवढंच सांगतो. तुझ्या सरांचं काय अडलंय, ते तुला मेलमध्ये कळणार नाही. कुठंतरी काहीतरी ठेवलं असेल त्यांनी. बघ जरा."

"आमचे सर काही ठेवत नसतील हो."

"मलाही तसंच वाटलं होतं."

तिनं बराच वेळ त्या बटणाकडं बघितलं. मग अंगठा बाजूला घेतला आणि फॉर्म बंद करायच्या खुणेवर नेला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. असं वाटलं की कुणीतरी माझ्यासाठीच मागं फिरतंय.

"आजोबा," ती मध्येच थांबून म्हणाली, "त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आलं का? एकच मुलगा येईनासा झाला तर वर्ग असतो का, ते?"

"आलं की. सातव्या पुस्तकात."

"काय लिहिलं होतं?"

ती चिठ्ठी मला पाठ आहे. वाचायला कागद लागत नाही. मी स्टुलावर जरा सरळ बसलो आणि सरांच्या अक्षरात म्हणावी तशी म्हटली.

"'रोल नंबर एक यांस. अठरा तारखेपासून आपण वर्गात नाही. आपला शेवटचा प्रश्न राहून गेला होता, म्हणून उत्तर लिहून ठेवतो. एकही विद्यार्थी नसेल तर नियमाप्रमाणे तो वर्ग नव्हे. मी मात्र अकरा वाजता तिथे असतो.'"

बापू सुईत दोरा ओवत होता. त्यानं सुई-दोरा खाली ठेवला. समोरच्या भांड्यांच्या दुकानात कुणीतरी कळशी वाजवून बघत होतं.

शलाकानं मोबाइल टेबलावर ठेवला. तिचा आवाज चढला नव्हता. मी शेजारी बसलेला असूनही लांबून बोलल्यासारखा तो मला ऐकू आला.

"अठरा तारखेला तुम्ही वर्गात नव्हताच, आजोबा. अर्ज फाडला नाही तुम्ही. दिला होता."